नळी भरेपर्यंतची गोष्ट

माझी उपाशीपोटी वाट बघणारी माणसं मी नोकरीभर पाहिली. सकाळी बेल वाजवली की आतून आवाज यायचा, "आली गं बाई एकदाची!" कोणत्याही पाहुणीला हेवा वाटावा असं हे स्वागत. माझ्यासाठी नव्हतं हे मला ठाऊक होतं. मी गेले की त्यांना चहा मिळणार होता.

मी पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त काढत असे. घाटकोपर, विक्रोळी, मुलुंड हा माझा पट्टा. कागदावर माझ्या हुद्द्याचं नाव फ्लेबोटोमिस्ट. ते अडखळल्याशिवाय म्हणायला मलाच बरेच दिवस लागले. लोक मला ताई म्हणत, सिस्टर म्हणत, आणि वॉचमन इंटरकॉमवर सरळ सांगत, "मॅडम, ब्लडवाली आयी है." माझं नाव शालन जाधव आहे हे बहुतेकांना पावती बघून कळत असे.

काम सांगायला सोपं आहे. दंडाला रबरी पट्टा बांधायचा, बोटाने शीर चाचपायची, सुई घालायची, नळी भरायची, पट्टा सोडायचा, सुई काढायची, कापूस दाबायचा. नळ्यांच्या टोपणांना रंग असतात. साखरेची करडी, हिमोग्लोबिनची जांभळी, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायची निळी. लोकांना वाटतं, कौशल्य सुई टोचण्यात आहे. ते आहेच, पण खरं कौशल्य आहे समोरच्याचं लक्ष सुईवरून काढण्यात. आमच्यात त्यासाठी एक ठरलेलं वाक्य असतं, "मुंगी चावल्यासारखं वाटेल हं." हे वाक्य ऐकून आजवर एकही माणूस फसलेला नाही. उलट ते ऐकलं की तो डोळे फाडून मुंगी शोधायला लागतो.

मीही वर्षानुवर्षं मुंगीवरच निभावत होते. मग असल्फ्याला एक जिमवाला भेटला. दंड माझ्या मांडीएवढा, शिरा लांबूनही दिसाव्यात अशा. मी मनात म्हटलं, आज झकास, दोन मिनिटांत बाहेर. सुई पाहिली आणि ते धूड माझ्या अंगावर कोसळलं. त्याच्या आईने आणि मी मिळून त्याला सोफ्यावर आडवं केलं. शुद्धीवर आल्यावर तो परत हात देईना. काय करावं? मला सुचेना, म्हणून तोंडाला येईल ते बोलत सुटले. आदल्या दिवशी आमच्या कुकरची शिट्टी उडाली होती, ती खिडकीतून गेली, खालच्या मजल्यावरचे काका कपडे वाळत घालत होते, तर ती बरोब्बर त्यांच्या...

"त्यांच्या काय?" तो म्हणाला.

"बनियनच्या खिशात," मी म्हटलं आणि सुई काढली.

"बनियनला खिसा असतो?"

"त्यांच्या असतो. झालं तुमचं."

त्याला कळलंसुद्धा नव्हतं. त्या दिवसापासून मी मुंगीला रजा दिली आणि गोष्टी सुरू केल्या.

सुरुवातीला खऱ्या गोष्टी सांगत होते. पण माझ्या आयुष्यात घडून घडून घडणार किती? थोड्याच दिवसांत साठा संपला. त्यात मधुमेहाची गिऱ्हाइकं ठरलेली. ती परत परत येतात आणि त्यांची साखर कितीही वाढली तरी स्मरणशक्ती शाबूत असते. "ही गेल्या वेळी सांगितली होती," असं ऐकायला लागलं. शिवाय साखरेची तपासणी दोनदा, एकदा उपाशीपोटी आणि एकदा जेवल्यावर. म्हणजे एका माणसाला एका दिवसात दोन गोष्टी. वाटच लागली म्हणायची.

म्हणून मी लिहायला बसले. संध्याकाळी कुकर लावायचा आणि तो होईपर्यंत ओट्यापाशीच उभं राहून एक गोष्ट लिहून काढायची. कागद म्हणजे आमच्या भिंतीवरच्या डट्ट्याचं, म्हणजे रोज एक तारीख फाडायच्या कॅलेंडरचं, त्या दिवशीचं पान, त्याची कोरी बाजू. पान संपलं की गोष्ट संपली. कुकर झाला तरी गोष्ट संपली. लोक विचारतात, रोज कसं सुचतं हो? रोज सुचत नाही. रोज भात मात्र लागतो. कित्येक दिवस मी नुसतं "एक होता पंखा. तो बंद होता." एवढंच लिहून गॅस बंद केला आहे.

आमचे हे रोज जेवताना पान वाचायचे. पंख्याच्या दिवशी त्यांनी पान उलटून पाहिलं. "पुढे?"

"पुढे काही नाही."

"मग दुरुस्त तरी करून घ्यायचा," असं म्हणून त्यांनी आमटी वाढून घेतली. पण त्या वाक्याने दुसऱ्या दिवशीची गोष्ट मिळाली. न सुचलेल्या दिवशी लिहिलेलं सुचलेल्या दिवशी उपयोगी पडतं, एवढं मला या सवयीने शिकवलं.

बाकीचे नियम सुईने घालून दिले. पट्टा आवळताना गोष्टीत माणूस आलाच पाहिजे, आकाशाचं वर्णन करत बसायला वेळ नाही. सुई टोचताना त्या माणसाची काहीतरी पंचाईत झालेली हवी. नळी भरत असताना विनोद करायचा नाही, कारण पेशंट हसला की हात हलतो, हात हलला की शीर फुटते आणि आठवडाभर तो काळानिळा दंड सगळ्यांना दाखवत फिरतो. हसू यायचं ते सुई बाहेर आल्यावर. शेवट आणि कापूस एकाच वेळी लागले पाहिजेत. एकदा मी माझ्या काही गोष्टी एका मासिकाला पाठवल्या होत्या. संपादकांनी प्रेमाने कळवलं, कल्पना छान आहेत, पण फुलवा. मी म्हटलं, फुलवते हो, पण पेशंटला चक्कर येईल. लांब गोष्ट मात्र मला पुढेही कधी जमली नाही आणि त्याची थोडी खंत आहे.

आता तात्यांविषयी, कारण ही सगळी हकिकत खरं तर त्यांच्यासाठी लिहायला घेतली.

तात्या परब घाटकोपरला भटवाडीच्या बाजूला राहतात. मूळचे कुडाळकडचे. तरुणपणी गिरणीत होते, आणि सुट्टीच्या दिवशी मुंबईतल्या दशावतारी मंडळात संकासुर व्हायचे. काळे कपडे, लांब लाल जीभ, आरोळी ठोकली की पुढच्या रांगेतली पोरं आईच्या कुशीत. अशा या राक्षसाला एका गोष्टीची भीती वाटते, आणि ती म्हणजे माझी सुई.

त्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे. अशा माणसाला रक्त पातळ ठेवायची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर गाठ होऊन झटका यायचा, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं आणि डॉक्टरांनी त्यावरून गोळीचं प्रमाण ठरवायचं. चुकवून चालत नाही. त्यात ती निळ्या टोपणाची नळी भारी खट, खुणेपर्यंत भरली नाही तर लॅब ती घेतच नाही.

पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा तात्या बाथरूममध्ये कडी लावून बसले होते. त्यांची सून वैशाली दाराशी उभी राहून रडकुंडीला आली होती. "ताई, अर्धा तास झाला. नळ सोडून बसलेत, म्हणजे माझं ऐकू येत नाही असं दाखवायला."

मी दाराला तोंड लावून गोष्ट सुरू केली. "एक होता राक्षस. त्याला झोप येत नव्हती. तो रडत बसला होता..."

नळ बंद झाला. आतून आवाज आला, "खयचो राक्षस? नाव काय तेचा?"

"नाव नाही ठेवलेलं."

"तेका मुकुट होतो काय नाय?"

"नव्हता."

"मगे तो राक्षस कसलो? आणि राक्षस कधी रडता काय गो?" कडी निघाली. तात्या टॉवेल खांद्यावर टाकून मला राक्षस शिकवायला बाहेर आले. "मी संकासुर करी होतंय. आयक." ते खुर्चीत बसून हातवारे करत सांगू लागले, त्यातला एक हातवारा मी हळूच धरून ठेवला आणि काम उरकलं.

पुढे आमचा करारच झाला. दर महिन्याला नवी गोष्ट. जुनी निघाली तर हात मागे. रक्त पातळ असलेल्या माणसाचा कापूस इतरांपेक्षा जास्त वेळ दाबून धरावा लागतो. तो वेळ तात्या समीक्षेला वापरत. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात, रंगमंचावर उभं राहून जागच्या जागी बोलायचं असतं, त्यामुळे माझं डट्ट्याचं पान त्यांना अजिबात मंजूर नव्हतं. "कागदार लिवन आणतंस? ही तर कॉपी झाली!" मी कापूस दाबत मुकाट ऐकून घेत असे. सांगायला संकोच वाटतो, पण महिन्याभरात मला मिळणारी ती एकुलती एक समीक्षा होती आणि मी तिची वाट बघत असे.

हे सगळं सुरळीत चाललं असतं, पण मध्ये देढिया काकू आल्या.

देढिया काकू घाटकोपर पूर्वेच्या. त्यांच्या शिरा म्हणजे आमच्या धंद्यातलं सुख, सुई लावायचा अवकाश की नळी भरलीच. पण उत्तम शीर गोष्टीचा घात करते हे त्या दिवशी कळलं. मी सांगत होते, एका बाईचं दार वाऱ्याने बंद झालं. किल्ली आत, बाई बाहेर. ती जिन्यात बसून राहिली. शेजारच्या वहिनींनी तिला चहा आणून दिला, खालच्यांनी खुर्ची आणून दिली... आणि नळी भरली. मला पुढे मुलुंडला उशीर होत होता. मी कापूस लावून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी लॅबच्या तक्रारीच्या नंबरावर फोन केला. "रिपोर्ट एकदम बराबर छे. पण ती बाई अजून बाहेर बसली आहे ना!"

पलीकडच्या मुलीला काहीच कळेना. तिने विचारलं, कोण बाई? काकू म्हणाल्या, मला काय माहीत, तुमच्या शालनबेनने बसवली आहे, मला रात्रभर झोप नाही. झालं. तक्रारीच्या रकान्यात नोंद पडली, "आपल्या कर्मचारी महिलेने एका बाईला जिन्यात बसवून ठेवले आहे." आमच्या डॉक्टरसाहेबांनी, म्हणजे लॅबच्या मालकांनी, मला केबिनमध्ये बोलावलं.

डॉक्टरसाहेब सज्जन माणूस. पण त्यांचा सगळा जन्म सूक्ष्मदर्शकावर वाकण्यात गेला होता, आणि रक्ताला मागे माणूस जोडलेला असतो याचं त्यांना दर वेळी नव्याने आश्चर्य वाटत असे.

"शालनताई, ही बाई कोण?"

"सर, ती खोटी आहे."

"खोटी तक्रार?"

"नाही, तक्रार खरी आहे. बाई खोटी आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग सगळं ऐकून घेतलं आणि हुकूम सोडला, यापुढे गोष्टी बंद. नाव विचारायचं, रक्त घ्यायचं, निघायचं. मी काकूंना फोन करून शेवट सांगून टाकला. संध्याकाळी नवरा आला, त्याने दार उघडलं, तेव्हा बाई म्हणाली, "अहो, उद्या परत वारा आहे का?" काकू म्हणाल्या, "माझ्याकडे पण ये ना कधी, रक्त नसलं तरी." मला फार वाईट वाटलं. पण नोकरी होती, मी हुकूम पाळला.

त्याच आठवड्यात तात्यांची तारीख आली. मी नाव विचारलं. तात्या चमकले, पण नाव सांगितलं. पट्टा बांधला, शीर शोधली, सुई घातली. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी नळीकडे बघत होते.

"आज गोष्ट खय?"

"आता बंद केलंय, तात्या. वरून सांगितलंय."

"मुकाट्यान सुई मारतंस? मी काय बैल आसंय?" आणि त्यांनी हात खेचून घेतला. निळी नळी अर्धीच भरली होती, म्हणजे फुकट. दुसऱ्यांदा टोचायला ते तयार होईनात. वैशालीने समजावलं, मुलाने फोनवरून दटावलं, मी हात जोडले. तात्या भिंतीकडे तोंड करून बसले ते बसलेच. लॅबने दुसरी टेक्निशियन पाठवली तर तिला त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

मग एका सकाळी वैशालीचा फोन आला. "ताई, तात्यांच्या हिरड्यांतून रक्त येतंय. दात घासले तर बेसिन लाल. डॉक्टर म्हणतात, आधी रिपोर्ट दाखवा नाहीतर सरळ ॲडमिट करा. आणि हॉस्पिटलचं नाव काढलं की तात्या परत बाथरूममध्ये जातात. काहीतरी करा ना हो!"

हिरड्यांतून रक्त म्हणजे गोळी जास्त होते आहे. उद्या पडले-धडपडले, डोक्याला मार लागला, तर ते रक्त थांबायचं नाही. मी तशीच डॉक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये शिरले आणि आयुष्यात पहिल्यांदा साहेबांवर आवाज चढवला. ते उठून उभे राहिले. "मी येतो. पेशंटला शास्त्रीय कारण समजावलं की तो ऐकतो."

गाडीत ते मागे बसून शास्त्रीय कारणाची तयारी करत होते.

तात्यांनी त्यांचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकलं. रक्त, गाठ, झडप, प्रमाण. मग म्हणाले, "तुमीच बंद केलात मां गोष्टी? बरां. मगे आता तुमीच सांगा."

"मी?"

"तुमी. ती सुई मारतली, तुमी गोष्ट सांगा."

डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्याने पट्टा बांधायला घेतला. त्यांनी घसा खाकरला. कपाळावर घाम आला होता.

"एक होता पेशंट," ते म्हणाले. "त्याला रक्त द्यायचं नव्हतं. नंतर त्याने दिलं. तो बरा झाला."

तात्या त्यांच्याकडे बघत राहिले. "ही गोष्ट नाय. ही नोटीस आसा."

वैशाली पदर तोंडात कोंबून आत पळाली. तात्यांचा हात आखडायला लागला होता, मला तो बोटांखाली जाणवत होता. डट्ट्याचं पान जवळ नव्हतं. गोष्टीच बंद होत्या तर पान कुठलं आणणार? मी इकडेतिकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दाराशी गावाहून आलेला एक फणस गोणपाटावर ठेवला होता.

"एक माणूस गावाहून फणस घेऊन निघाला," मी म्हटलं. "मुंबईतल्या मित्राला द्यायला."

हात थोडा सैल झाला. "खयच्या गावचो?"

"कुडाळचा." सुई आत गेली. "पंतनगरला उतरला. डोक्यावर फणस. मित्राच्या बिल्डिंगपाशी आला, तर तिथे बिल्डिंगच नाही. नुसते पत्रे लावलेले. रिडेव्हलपमेंटला गेलेली."

"अरे देवा," हे डॉक्टरसाहेब म्हणाले. ते ट्रे हातात धरून उभे होते.

"वॉचमनला विचारलं, इथली माणसं कुठे गेली? तो म्हणाला, कोणी वाकोल्याला गेलं, कोणी मुलुंडला, कोणी माहुलला. तो माणूस फणस घेऊन तिथेच उभा. परत नेववत नाही आणि ठेववत नाही." निळी नळी खुणेला टेकली. मी पट्टा सोडला, सुई काढली, कापूस दाबला. जागच्या जागी सुचलेली गोष्ट, तिला शेवट नव्हताच.

"पुढे?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडलं, पण तात्यांनी दुसरा हात वर केला. "रवांदे तो थयच. फुडल्या म्हयन्यात सांग." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "म्हणजे माका हात देवकच लागतलो."

रिपोर्ट त्याच दुपारी झाला. रक्त भलतंच पातळ झालं होतं. तात्यांच्या डॉक्टरांनी गोळी लगेच थांबवली, नंतर कमी करून दिली आणि बेसिन परत पांढरं झालं. त्या दिवशी परत येऊन लॅबच्या दाराशी उतरताना डॉक्टरसाहेब म्हणाले, "गोष्टी चालू ठेवा. तक्रार येऊ देऊ नका. आणि तो फणसवाला, त्याच्याकडे मित्राचा फोन नंबर नव्हता का?"

तेव्हापासून तो माणूस फणस घेऊन चालतोच आहे. मित्राचं आडनाव मी परब ठेवलं होतं; वाकोल्याला त्याला भलत्याच परबांचं घर मिळालं, त्यांनी जेवू घातलं पण फणस घेतला नाही, घरात मधुमेह. माहुलला गेला तेव्हा तात्यांनी अडवलं, "थय रिफायनरीच्या वासात फणसाचो वास कोणाक येतलो?" मुलुंडला नव्या टॉवरच्या वॉचमनने फणस लिफ्टमध्ये न्यायला सोसायटीची परवानगी मागितली. मध्ये तात्यांना शंका आली, इतके महिने झाले, फणस कुजला कसा नाही? मी म्हटलं, कच्चा आहे. ते म्हणाले, "मगे भाजी करूक सांग तेका." मला लांब गोष्ट जमत नाही म्हणाले ना? ही एक तेवढी महिन्यामहिन्याने लांबत गेली.

मग माझी निवृत्ती आली. लॅबमध्ये केक कापला, डॉक्टरसाहेबांनी भाषण केलं, तेही नोटिशीसारखंच झालं. शेवटची फेरी मी मुद्दाम तात्यांकडे ठेवली. आदल्या संध्याकाळी कुकर लावून शेवट लिहून नेला होता. वाटलं, आपण चाललो, त्या माणसाला कुठेतरी पोचवून जावं. तात्या आता खूप थकले आहेत. शीर सापडायला वेळ लागतो, नळी हळूहळू भरते. मी सांगत होते, शेवटी कोणीतरी पत्ता दिला, भटवाडीचा. तो जिना चढला. धापा टाकत दारापाशी आला. फणस काखेत धरला आणि बेल वाजवली. आतून चपलांचा आवाज आला...

नळी भरली. मी कापूस दाबला. "आणि दार उघ..."

तात्यांनी मोकळ्या हाताने माझं मनगट धरलं. आरोळीचा तो आवाज राहिला नव्हता, पण हुकूम संकासुराचाच होता. "दार उघडू नको गो."

"तात्या, आज माझा शेवटचा दिवस. उद्यापासून दुसरी मुलगी येणार."

"येवंदे. सुई ती मारतली." त्यांनी मनगट सोडलं नाही. "शेवट सांगलंस तर तू परत कित्याक येतलंस?"

कापूस दाबायचा वेळ केव्हाच संपला होता, तरी मी दाबून धरला होता.

"रिटायर लॅबातसून झालंस," तात्या म्हणाले. "माझ्याकडसून नाय."

डट्ट्याचं ते पान मी घरी येऊन फाडून टाकलं. आता नवी मुलगी सुई लावते, चांगली आहे, हात हलका आहे. मी समोर स्टुलावर बसते. दार अजून उघडलेलं नाही. गेल्या खेपेला बाहेरच्या माणसाच्या लक्षात आलं की त्याच्या चपला खालच्या मजल्यावर राहिल्या आहेत, त्याच्या आधी आतल्या माणसाला चष्मा सापडत नव्हता. उद्या तात्यांचं रक्त आहे. कुकर लावला आहे, आणि अजून काही सुचलेलं नाही.